रात्रीचं जेवण आणि न आवडणारा स्वयंपाक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मला स्वयंपाक आवडत नाही,’ असं एखादी आई चारचौघांत बोलली की भुवया उंचावतात. शिवणकाम आवडत नाही म्हटलं तर कुणी तिच्या मायेवर शंका घेत नाही; स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र लगेच घेतली जाते. संध्याकाळी सात-साडेसातला दमून घरी यायचं, मुलांचा अभ्यास, दुसऱ्या दिवशीचे डबे आणि या सगळ्यात रोजचा प्रश्न: आज काय करायचं? ज्यांना हौस आहे त्यांनाही तो जड जातो. ज्यांना नाही त्यांच्या डोक्यात तो दुपारपासूनच घोळू लागतो. या त्रासातला बराच भाग ओट्यापाशी उभं राहण्याचा नसतोच. रात्रीचं जेवण कसं असावं, कुणी करावं, काय चालतं आणि काय चालत नाही याबद्दलच्या पक्क्या समजुतींमुळे तो वाढतो. त्या समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज: आवड नसेल तर मुलांची आबाळ होते

मुलाचं पोषण ताटात काय आहे यावर ठरतं. करणाऱ्याला ते करताना किती आनंद झाला यावर नाही. साधा, पुरेसा आणि वेळेवर होणारा स्वयंपाक हे शिकता येणारं काम आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं, त्यात वाटी-चमच्याची मापं दिलेली होती. हाताला अंदाज नसलेल्या, घरापासून दूर संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना त्या मापांनी आधार दिला. माप पाळलं की आमटी आमटीसारखी होते. रोजच्या जेवणाला तेवढं पुरतं.

गैरसमज: रात्री पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर असं सगळं झालंच पाहिजे

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. डावं-उजवं भरलेलं ताट ही सणावाराची, पाहुण्यांची गोष्ट. रोजच्या रात्री महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पिठलं-भाकरी, कोकणात आमटी-भात किंवा कालवण-भात, नाहीतर ज्वारीची भाकरी, एखादी पातळ भाजी आणि कांदा एवढंच होत आलं आहे. त्या जेवणाला कुणी अर्धवट म्हटलं नाही.

आहारशास्त्रही तेच सांगतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांतलं नमुन्याचं ताट अख्ख्या दिवसाचं आहे: 2000 कॅलरींच्या आहारात साधारण 250 ग्रॅम धान्य, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस, 300 मिली दूध-दही, शिवाय थोडे दाणे-तेलबिया आणि तेल. हे आकडे मोठ्या माणसाचे आहेत, मुलांचे वयानुसार वेगळे. पण मुद्दा असा की हिशेब दिवसाचा आहे. दुपारच्या डब्यात भाजी-पोळी आणि कोशिंबीर गेली असेल, चार वाजता फळ खाल्लं असेल, तर रात्रीच्या एका जेवणावर सगळ्याचा भार टाकायची गरज नाही. यात डोळ्यांत भरतो तो 400 ग्रॅम भाज्यांचा आकडा. आपल्याकडे धान्य भरपूर आणि भाजी चमचाभर असते. म्हणून रात्री एकच पदार्थ करायचा असेल तर त्यात भाजी सढळ हातानं घाला. दुसरा पदार्थ करण्यापेक्षा हे सोपंही आहे आणि उपयोगाचंही.

मुगाची खिचडी आजाऱ्याचं खाणं समजली जाते, तेही बरोबर नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात बरं असतं. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. डाळीचं प्रमाण जरा वाढवलं, त्यात गाजर, मटार, फरसबी किंवा मूठभर पालक घातला आणि सोबत दही घेतलं की ते पुरं जेवण झालं. त्यावर पापड भाजला तर आवडीनं, नाही भाजला तरी काही अडत नाही.

गैरसमज: नियोजन म्हणजे सात दिवसांचे सात वेगळे पदार्थ

इंटरनेटवरचे आठवड्याचे रंगीत तक्ते पाहून अनेकजण उत्साहानं सुरुवात करतात आणि बुधवारपर्यंत दमतात. सात नवे पदार्थ म्हणजे सात वेगळ्या याद्या आणि सात वेगळे घाट. त्यापेक्षा आपल्या घरात आधीपासून असलेला आराखडा बघा. बहुतेक मराठी घरांत वार ठरलेलेच असतात. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, महिन्याची संकष्टी. मांसाहार करणाऱ्या घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार. ओट्याजवळ टांगलेल्या ‘कालनिर्णय’वर दुधाच्या खाड्यांसोबत हे सगळं दिसत असतंच. उरलेल्या वारांना पदार्थाऐवजी प्रकार नेमून द्या: एक वार उसळीचा, एक खिचडी-पुलावाचा, एक अंड्यांचा किंवा पनीरचा, एक इडली-डोशाच्या पिठाचा. मग मंगळवारचा प्रश्न उरतो तो एवढाच, की उसळ मटकीची की चवळीची. दर मंगळवारी उसळ झाली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. मुलांना तर ठरलेला वार आवडतो.

आणि आपल्या स्वयंपाकात नियोजन मुख्यतः भिजवण्याचं असतं. अंडाकरी ऐनवेळी करता येते, मटकीची उसळ येत नाही. मंगळवारी रात्री उसळ हवी तर सोमवारी सकाळी कामाला निघताना वाटीभर मटकी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावी लागते. संध्याकाळी पाणी काढून ती चाळणीत निथळायची, ओल्या पंच्यात बांधून झाकून ठेवायची. मंगळवारी संध्याकाळी गाठोडं सोडलं की दाण्यागणिक पांढरा मोड बाहेर आलेला असतो. दोन्ही वेळच्या कामाला मिळून पाच मिनिटं लागत नाहीत, पण ती आदल्या दिवशी आठवावी लागतात. म्हणून फ्रिजच्या दारावर ‘उद्या काय’ लिहिण्यापेक्षा ‘आज काय भिजवायचं’ हे लिहिणं जास्त कामाचं. मोड आलेलं कडधान्य हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतं, तेव्हा दुप्पट भिजवावं. मोड आल्यानं त्यातलं क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषायला अडथळा आणणारं फायटिक आम्ल कमी होतं. वरून लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं.

कुकरबद्दलही एक शंका कायम ऐकू येते, की त्यात अन्नाचं सत्त्व जातं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, म्हणून अन्न लवकर शिजतं. वेळ कमी लागतो, पाणी ओतून द्यावं लागत नाही. उघड्या पातेल्यात खूप वेळ उकळण्यापेक्षा यात नुकसान सहसा कमीच. खाली अर्धा तास भिजलेली तूरडाळ, मधल्या डब्यात तांदूळ, वरच्या डब्यात लाल भोपळ्याच्या किंवा बटाट्याच्या फोडी: गॅस पेटवून तुम्ही मुलांच्या वह्या बघायला बसू शकता. दाब उतरल्यावर फोडणी दिली की जेवण तयार. स्वयंपाक न आवडणाऱ्या माणसासाठी उभं न राहता शिजणारं अन्न ही फार मोठी सोय आहे.

गैरसमज: आदल्या दिवशीचं किंवा फ्रोझन म्हणजे निःसत्त्व

इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण नको तिथे भीती आणि हवी तिथे बेफिकिरी असं झालं आहे.

फ्रोझन मटार घ्या. मटार तोडल्यावर त्यातल्या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर सुरू होतं आणि क जीवनसत्त्वही हळूहळू घटतं. फ्रोझन मटार तोडणीनंतर लवकरच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्यात क जीवनसत्त्व थोडं जातं, पण पुढची घट जवळजवळ थांबते. थंडीच्या दिवसांतला ताजा, कोवळा मटार उत्तमच; पण मे महिन्यात किंवा आठवडाभर फ्रिजमध्ये सुकत पडलेल्या शेंगांपुढे गोठवलेला मटार कमी ठरत नाही.

मळून ठेवलेली कणीक काळसर पडते, म्हणून ती टाकून देतात. तो रंग कापलेल्या सफरचंदासारखाच हवेशी संपर्क आल्यामुळे येतो. तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक दुसऱ्या दिवशी खुशाल वापरावी. आंबट वास आला किंवा चिकट झाली तर मात्र टाकावी.

खरी काळजी घ्यायची ती भाताची. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर उरलेला भात रात्रीच पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी तो वाफा येईपर्यंत गरम करून संपवावा. उसळ, आमटी, भाजी नीट थंड केलेली असेल तर फ्रिजमध्ये तीन दिवस चालते. लागेल तेवढीच काढून गरम करावी. रविवारी जास्तीचं ओलं-सुकं वाटण करून छोट्या डब्यांत गोठवून ठेवलं तर आठवड्यातल्या दोन रात्री निम्म्या वेळात निभतात.

गैरसमज: मुलं खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं करावंच लागतं

दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नकार देणं हा वाढीचाच एक टप्पा आहे. एखादी भाजी मूल स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण दोनदा करून पाहतो आणि ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी 1980च्या दशकात कामाची वाटणी सुचवली, ती आजही बालआहारात मानली जाते: काय, केव्हा आणि कुठे जेवायचं हे पालकांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. जबरदस्ती नाही आणि दुसरा स्वयंपाकही नाही. पानात एक तरी ओळखीची गोष्ट असू द्या, साधा वरणभात किंवा दही-पोळी. शेजारी चमचाभर नवी भाजी. तिखटाची अडचण असेल तर मुलांचं वरण आधी वाटीत काढून घ्यायचं, मग मोठ्यांच्या आमटीत तिखट आणि गोडा मसाला. पातेलं एकच राहतं.

गैरसमज: पोळ्या विकत आणणं म्हणजे कामचुकारपणा

मुंबईच्या गिरणगावानं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत. त्या बायकांना 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या पाशातून सोडवलं. त्याच वाटेनं आज गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं दिसतात आणि तिथे राबणाऱ्या बायकांचे संसार त्यावर चालतात. कणीक मळणं, लाटणं, भाजणं आणि मागचं आवरणं यात सगळ्यात जास्त वेळ जातो. तेवढंच बाहेरून आणलं आणि आमटी-भाजी घरी केली, तर खर्चही आवाक्यात राहतो आणि तेल-मीठही आपल्या हातात. जपून वापरायच्या त्या तयार ग्रेव्ह्या आणि झटपट नूडल्सची पाकिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे 2 ग्रॅमहून कमी सोडियम. पाकिटामागचा सोडियमचा आकडा एकदा वाचा आणि मग ठरवा.

गैरसमज: स्वयंपाक हे एकीचंच काम

केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष 97 मिनिटं. असं काही काम करणारे पुरुषच मुळात साधारण चौघांत एक. 2024च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले, म्हणजे पाच वर्षांत पुरुषांचा वाटा वाढला नाही, उलट कमी झाला. हे वाचून वाईट वाटतं, कारण ‘मला स्वयंपाक आवडत नाही’ हे वाक्य बाबांनी म्हटलं की विषय संपतो आणि आईनं म्हटलं की तिथून सुरू होतो.

मदत करतो म्हणणारे बरेच असतात, पण ‘काय चिरू?’ असं विचारणाऱ्याला उत्तर देण्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी सगळं डोक्यात धरून ठेवावंच लागतं. तेव्हा कामं वाटू नका, वार वाटा. सहा-सात वर्षांचं मूल मटार सोलू शकतं, ताटं-पाणी घेऊ शकतं; दहा-बारा वर्षांचं तांदूळ धुऊन कुकर लावायला देखरेखीखाली शिकू शकतं. आणि घरातल्या पुरुषांना कळकळीची विनंती: या आठवड्यात दोन वार आपल्या नावावर लावून घ्या. त्या दोन रात्रींचं ठरवणं, भिजवणं, आणणं, शिजवणं आणि शेवटी ओटा पुसणं, हे सगळं तुमचं.