फुकटचं नेट नाकारलं, मग रिचार्ज महाग का झाला?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना मी तीन वेळा विषय सोडून भरकटलो होतो, ते भाग काढून टाकलेत. बाकी भाषा आपली तीच.

या वेळचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय: भारतानं २०१६ मध्ये फेसबुकचं फुकट इंटरनेट नाकारलं, ते बरोबर केलं का? आज दर महिन्याला तीनशे रुपये जातात, त्यापेक्षा फुकट काय वाईट होतं?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

डिसेंबर २०१४. तेव्हा थ्रीजी म्हणजे चैन होती आणि नेटपॅक एमबीमध्ये मोजून वापरायचो. एअरटेलनं जाहीर केलं की स्काइप, व्हायबरसारख्या अ‍ॅपवरून कॉल केला तर तो डेटा पॅकमधून कापला जाणार नाही, त्याचे वेगळे पैसे लागतील. थ्रीजीवर दर १० केबीला ४ पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब करा: एका एमबीला साधारण ४ रुपये! लोक भडकले आणि काही दिवसांत कंपनीनं ते मागे घेतलं. पण मुद्दा बाहेर आला. तुम्ही डेटा विकत घेतलाय, तर त्या डेटात तुम्ही काय करायचं हे कंपनी कसं ठरवणार?

मग खेळ उलटा फिरला. जास्त पैसे घेण्याऐवजी काही गोष्टी फुकट द्यायच्या. याला म्हणतात झिरो रेटिंग. एप्रिल २०१५ मध्ये एअरटेल झिरो आलं: अ‍ॅपवाली कंपनी एअरटेलला पैसे देईल, आणि ते अ‍ॅप वापरताना तुमचा डेटा कापला जाणार नाही. फ्लिपकार्ट त्यात सामील होण्याच्या बेतात होतं, पण लोकांनी इतका आरडाओरडा केला की आठवडाभरात बाहेर पडलं. त्याच्या दोनेक महिने आधी, फेब्रुवारीत, फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं होतं. (ही अनिल अंबानींची कंपनी बरं का, जिओ नव्हे.) ज्या मोजक्या राज्यांत ते सुरू झालं त्यात आपला महाराष्ट्र होता. पुढे त्याचं नाव बदलून फ्री बेसिक्स केलं.

फ्री बेसिक्समध्ये काय होतं? निवडक साइट्स. फेसबुक अर्थातच होतं. हवामान, बातम्या, विकिपीडिया वगैरे होतं. व्हिडिओ नाही, इंटरनेट कॉल नाही, म्हणजे यूट्यूबचा प्रश्नच मिटला. कुठली साइट आत येणार याचे नियम फेसबुकनं लिहिलेले, आणि सगळी ये-जा त्यांच्याच सर्व्हरमधून.

आता टोलनाक्याचं उदाहरण घ्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टोल गाडीच्या प्रकारानुसार लागतो, तुम्ही कुणाकडे जाताय हे बघून नाही. समजा उद्या टोलवाला म्हणाला, अमुक फूड मॉलला जाणार असाल तर टोल माफ, पण लोणावळ्याला मावशीकडे जायचं असेल तर पूर्ण टोल. सुरुवातीला भारीच वाटेल. पण त्या मॉलच्या पुढे वडापावची गाडी लावणाऱ्याचं काय? त्याचा वडापाव कितीही भारी असू दे, तिथे जायला टोल लागतो म्हटल्यावर कोण जाणार? दोन वर्षांत त्याची गाडी बंद, आणि मॉलमधला वडापाव ऐंशी रुपयांना. आमच्यासारखे मराठी पॉडकास्टवाले हे त्या गाडीवाल्याच्या जागी आहेत. मोठी दोन-तीन म्युझिक अ‍ॅप्स फुकट आणि आमचा एपिसोड डेटा खाणार, असं असतं तर तुम्ही हे ऐकलं असतं का? मी तरी नसतं ऐकलं.

फेसबुकनं जोर लावला, अगदी भरपूर. पेपरात पानभर जाहिराती, होर्डिंग्ज, आणि फेसबुक उघडलं की एक तयार मजकूर: बटण दाबा, ट्रायला मेसेज जाईल. ट्राय म्हणजे टेलिकॉमवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था. मार्क झुकरबर्गनं डिसेंबर २०१५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला, आणि त्यात उदाहरण कुणाचं? महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. फ्री बेसिक्सवर तो हवामान बघतो, बाजारभाव बघतो, वगैरे. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं: त्या शेतकऱ्याला हवामान बघायला नेट हवं हे मान्य, पण त्यानं कुठल्या साइटवर हवामान बघायचं हे कॅलिफोर्नियात बसून का ठरवायचं?

तरी समोरच्यांचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नव्हता. तेव्हा देशात कोट्यवधी लोकांकडे नेट नव्हतंच. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येत नाही. ट्रायनंही या बाजूचा विचार केला. त्यांनी चार नेमके प्रश्न विचारले होते. फेसबुकमार्फत आलेल्या लाखो मेसेजमध्ये त्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती, फक्त ‘फ्री बेसिक्स हवं’ एवढंच. ट्रायनं पत्र लिहून सुनावलं की सल्लामसलतीचं तुम्ही मतदान करून टाकलंय.

८ फेब्रुवारी २०१६ ला निकाल आला. साइट किंवा अ‍ॅप बघून डेटाचा वेगळा दर लावायचा नाही, कमीही नाही आणि जास्तही नाही. मोडलं तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. (एवढ्या मोठ्या कंपन्यांना ५० लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च, हे मला अजून खटकतं.) तीन दिवसांत फेसबुकनं भारतात फ्री बेसिक्स गुंडाळलं. वेगाबाबतचे नियम नंतर, जुलै २०१८ मध्ये मंजूर झाले: एखादी साइट मुद्दाम हळू करायची नाही, अडवायची नाही.

इथे एक बारकावा नीट समजून घ्या. या नियमानं फुकट देण्यावर बंदी घातली नाही, भेदभावावर घातली. थोडा डेटा फुकट द्या, पण त्यावर सगळं इंटरनेट उघडलं पाहिजे. आणि सात महिन्यांत नेमकं तेच झालं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, आणि मार्च २०१७ पर्यंत कॉल आणि डेटा सगळं फुकट. जे हवं ते बघा. नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमात हे बसत होतं.

पण तो नियम एका गोष्टीबद्दल काहीच बोलत नाही: बाजारात दुकानं किती असावीत. जिओनंतर दर कोसळले आणि बाकीच्यांना ते झेपलं नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं मोबाइल सेवा बंद केली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन-आयडिया एक झाले. उरले तीन खासगी आणि एक बीएसएनएल. त्यानंतर दरवाढी बघा: डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४. तिन्ही वेळा तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतरानं भाव वाढवले. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीवाला पॅक २३९ वरून २९९ वर गेला. ट्रायनं हे थांबवलं का नाही? कारण मोबाइलचे दर ठरवायची मोकळीक ट्रायनं बऱ्याच वर्षांपासून कंपन्यांनाच दिलेली आहे. नवा दर लागू केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कळवायचं, झालं.

आणि तो ‘महिना’ २८ दिवसांचा. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. २९९ च्या हिशोबानं ३,८८७ रुपये. २०२२ मध्ये ट्रायनं सांगितलं की किमान एक पॅक तरी ३० दिवसांचा ठेवा, पण सवय २८ चीच राहिली. आजीच्या बटणांच्या फोनचा तर वेगळाच वैताग. तिला नेट लागतच नाही, पण पॅकमध्ये डेटा गळ्यात पडतोच. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक देणं बंधनकारक केलं. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आलेत. घरी कुणी साधा फोन वापरत असेल तर पुढचा रिचार्ज मारण्याआधी अ‍ॅपमध्ये शोधा.

मग मूळ प्रश्नाचं उत्तर? फ्री बेसिक्स नाकारलं म्हणून रिचार्ज महागला नाही. स्पर्धक कमी झाले म्हणून महागला. या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली आपण जिंकलो, दुसरीत फारसं कुणी उतरलंच नाही. गंमत बघा, दारातून परत पाठवलेल्या फेसबुकनं २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटींना घेतला. गूगलनंही ७.७३ टक्के घेतला.

पहिली लढाईही संपलेली नाही. टेलिकॉम कंपन्यांचं आता म्हणणं आहे की यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्यांच्या व्हिडिओमुळे नेटवर्कवर ताण येतो, म्हणून त्यांनी आम्हाला वाटा द्यावा. ऐकायला ठीक वाटतं. पण तो डेटा तुम्ही पैसे भरून मागवलेला असतो, म्हणजे एकाच डेटाचे दोनदा पैसे. दक्षिण कोरियात नेटवर्क फी अशीच वाढली, आणि ट्विच हा गेमिंग स्ट्रीमिंगचा प्लॅटफॉर्म तेच कारण देऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून निघून गेला. तिथल्या स्ट्रीमर्सना जमवलेले प्रेक्षक सोडून दुसरीकडे जावं लागलं.

अशा विषयावर ट्राय आधी सल्लामसलतीचा कागद वेबसाइटवर टाकतं आणि कुणीही ईमेलनं मत पाठवू शकतं. २०१५ मध्ये दहा लाखांवर मेल गेले होते. पाठवायचा असेल तर दोन गोष्टी: विचारलेल्या प्रश्नांची नंबर टाकून उत्तरं द्या, तयार मजकूर चिकटवू नका. आणि मेलच्या खाली स्वतःचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता लिहू नका, कारण आलेली मतं वेबसाइटवर जाहीर होतात. २०१५ मध्ये ट्रायनं ते दहा लाख मेल लोकांच्या ईमेल आयडीसकट टाकून दिले होते.