तेवीस एकरांची गोधडी

अलाबामा नदी विल्कॉक्स परगण्यात एक मोठा वळसा घेते आणि त्या वळशात जीज बेंड हे गाव तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे. तिथल्या गोधड्यांची कीर्ती चित्रकलेत रस असणाऱ्या मराठी वाचकाच्या कानावर आलेली असतेच. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक मायकेल किमेलमन यांनी अमेरिकेने घडवलेल्या आधुनिक कलेतल्या अद्भुत कृतींमध्ये त्यांची गणना केली. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. पुढे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहातही वीस गोधड्या दाखल झाल्या. या सगळ्या गौरवात एक संस्था कडेला पडली आहे. तिचं नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. १९६६ मध्ये जीज बेंड, अल्बर्टा आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या कृष्णवर्णीय बायकांनी ही सहकारी संस्था काढली आणि २०१२ मध्ये ती बंद झाली. प्रदर्शनांच्या कथनात ती एखाद्या परिच्छेदापुरती येते, तीही बहुधा बाजारासाठी एकसारखा माल शिवणारी आणि अस्सल कलेच्या वाटेवरून जरा भरकटलेली म्हणून. हा निवाडा अन्यायाचा आहे आणि तो उपलब्ध पुराव्याशीही जुळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

निवाडा तपासायचा तर आधी जमिनीचा हिशेब पाहावा लागतो. १८१६ मध्ये जोसेफ गी या मळेवाल्याने इथे कापूस लावला, १८४५ मध्ये मळा मार्क पेटवेकडे गेला आणि गुलामांच्या वंशजांनी त्याचं आडनाव आजतागायत वागवलं. मधली वर्षं सोडून थेट १९३२ वर येऊ. जीज बेंडच्या कुळांना बी-बियाणं आणि किराणा उधार देणारा, परगण्याच्या मुख्य गावातला म्हणजे कॅम्डेनचा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेने सगळी थकबाकी एकदम वसुलीला काढली. माणसं पाठवून बैल, गाई, डुकरं, कोंबड्या, नांगर, गाड्या, साठवलेलं धान्य असं हाती लागेल ते उचलून नेलं. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसच्या शिध्यावर काढला. पुढे रूझवेल्ट सरकारने मळ्याची जमीन विकत घेऊन कुटुंबांना कमी व्याजाच्या कर्जावर विकली आणि घरं बांधून दिली. हीच गोष्ट तीस वर्षांनी निर्णायक ठरली. १९६५ च्या सुरुवातीला विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती, पण मतदार यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. नाव नोंदवायला जाणाऱ्याला जमीनदार घराबाहेर काढत. जीज बेंडमधल्या अनेकांच्या पायाखालची जमीन स्वतःची असल्यामुळे त्यांच्यावर ही सक्ती चालली नाही. शेजारच्या वस्त्यांमधली कुळं मात्र चंबूगबाळ्यासह रस्त्यावर आली. त्यात जीज बेंडला कॅम्डेनशी जोडणारी फेरीबोट १९६२ मध्येच बंद झाली होती. काही मिनिटांच्या जलमार्गाऐवजी सुमारे चाळीस मैलांचा वळसा पडू लागला. ती फेरीबोट पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं.

फ्रान्सिस वॉल्टर हा गोरा धर्मोपदेशक अशा बेदखल झालेल्या लोकांच्या तक्रारी नोंदवत परगण्यात फिरत होता. १९६५ च्या डिसेंबरात त्याला एका झोपडीबाहेर तारेवर वाळत घातलेल्या तीन गोधड्या दिसल्या. तो चौकशीला जवळ गेला तेव्हा घरातली बाई रानात पळून गेली. अनोळखी गोरा पुरुष दारात येणं म्हणजे काय, हे तिला पक्कं माहीत होतं. ही हकिगत वॉल्टरच्या दूरदृष्टीचं उदाहरण म्हणून सांगितली जाते, पण मला तिच्यात त्या बाईचं पळणं महत्त्वाचं वाटतं. ज्या भीतीवर पुढे संस्था उभी राहिली, ती त्या पळण्यात स्पष्ट दिसते. वॉल्टरने दर नगाला दहा डॉलर देऊन गोधड्या जमवल्या आणि १९६६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव केला. त्याच महिन्यात, २६ मार्चला, कॅम्डेनच्या अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चमध्ये साठाहून अधिक बायका जमल्या आणि संस्थेची रीतसर स्थापना झाली. वॉल्टर लवकरच बाजूला झाला. पुढे दोन दशकांहून अधिक काळ कारभार प्रामुख्याने सांभाळला एस्टेल विदरस्पून यांनी. त्यांच्या आई विली अब्राम्स स्वतः नावाजलेल्या कारागीर होत्या. संस्थेला इमारत नव्हती तेव्हा कापडाचे गठ्ठे विदरस्पून यांच्या घरात येऊन पडत आणि चौकटीही तिथेच लागत. गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार, कामाची वाटणी, मजुरीचा हिशेब, न्यूयॉर्क-वॉशिंग्टनचे दौरे हे सगळं त्या बघत. संग्रहालयांच्या पुस्तकांत गोधडीच्या रंगसंगतीवर पानंच्या पानं आहेत. या बाईंच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं.

संस्थेने मिळालेल्या पैशाचं केलं काय? साठच्या दशकाच्या अखेरीस तिने तेवीस एकर जमीन घेतली. १९६९ मध्ये त्या जमिनीवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने शिवणकामाची इमारत उभारली. कामावर येणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं. आणि उरलेल्या जमिनीतले तुकडे, मतदानाचा हक्क बजावल्यामुळे ज्यांची घरं गेली होती अशा कुटुंबांना विकले. दक्षिणेतल्या सहकारी संस्थांचा महासंघ १९६७ मध्ये स्थापन झाला, त्याच्या संस्थापक सभासदांमध्येही ती होती. सरकारी जमिनीने जे संरक्षण १९४० च्या दशकात जीज बेंडला दिलं, तेच या बायकांनी सुईच्या कमाईतून शेजाऱ्यांना मिळवून दिलं. संस्थेचं मूल्यमापन करताना तिने शिवलेल्या मालाच्या आधी हे व्यवहार डोळ्यांसमोर ठेवायला हवेत. विल्कॉक्स परगण्यात, त्या वर्षांत, कृष्णवर्णीय बायकांच्या संस्थेच्या नावावर जमीन असणं ही किती मोठी राजकीय घटना होती, हे १९३२ चा हिवाळा आठवला की कळतं.

यावरचा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या दुकानांना हवा होता ठरावीक मापाचा, ठरावीक नमुन्याचा आणि सारख्या टाक्याचा माल. ब्लूमिंगडेल्ससारख्या दुकानाला आज पाठवलेली गोधडी उद्या तशीच्या तशी पुन्हा लागते. त्यामुळे संस्थेने थोडे नमुने पक्के केले, कापडाचे रंग ठरवून दिले, वाकडी शिवण उसवायला लावली. जीज बेंडच्या बायकांची खासियत नेमकी याच्या उलट होती. ‘हाउसटॉप’ नावाचा नमुना घ्या. मधल्या एका चौकोनाभोवती पट्ट्यांचे वेढे घालत जायचं, एवढाच त्याचा नियम. पण पट्टी कुठे रुंद करायची, कुठे अर्ध्यात दुसऱ्या रंगाचं ठिगळ लावायचं, मधला चौकोन कोपऱ्याकडे ढकलायचा का, हे करणारीच्या मनावर. अशा हाताला फूटपट्टी लावली तर काहीतरी मरतं, असं टीकाकार म्हणतात. संस्थेच्या कामाला कंटाळून लवकर बाहेर पडलेल्या बायकाही होत्या. शिवाय संस्थेचं मुख्य ठाणं अल्बर्टाजवळ होतं आणि संग्रहालयांनी निवडलेल्या कितीतरी गोधड्या संस्थेच्या कामाबाहेर, घरच्या अंथरुणासाठीच झाल्या आहेत. हे सगळं मला मान्य आहे.

मात्र यावरून संस्थेने कला मारली असं म्हणणाऱ्यांनी कॉर्डरॉयची गोष्ट नीट पाहावी. १९७२ मध्ये संस्थेने सिअर्स कंपनीशी कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचा करार केला. काम अगदी रुक्ष होतं: एकाच मापाचे अभ्रे, ठरलेले चार रंग, दिवसभर शिलाई यंत्र. कापड बेतल्यावर उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे बायका घरी नेत. पिवळाधमक, हिरवट, नारिंगी, गडद लाल अशा रंगांच्या या जाड, उभ्या रेघांच्या कापडातून घराघरांत ज्या गोधड्या झाल्या, त्या आज जीज बेंडच्या सगळ्यात वाखाणल्या गेलेल्या गोधड्यांमध्ये मोडतात. कॉर्डरॉय जाड असल्यामुळे बारीक तुकड्यांची नाजूक जोडणी त्यात साधत नाही. मोठे, ठसठशीत पट्टे टाकावे लागतात. समीक्षकांना ज्या धीट आकारांत आधुनिक चित्रकला दिसली, त्या आकारांमागे या कापडाचा हट्टही आहे. कंपनीचा करार नसता तर ते कापड त्या वळणात पोचलंच नसतं. एकच बाई दिवसा मापात अभ्रे शिवते आणि रात्री त्याच कापडाच्या चिंध्यांची मनाला येईल तशी गोधडी करते. तिच्यातली मजूर खोटी आणि कलावंत तेवढी खरी, असा भेद करायला आधार कुठे आहे? पोटासाठी केलेल्या कामाने हात बोथट होतोच, ही समजूत ज्यांना पोटासाठी हाताने काम करावं लागलं नाही त्यांच्यात जास्त आढळते.

दुसरा पुरावा गोधडीच्या घडणीतच आहे. जीज बेंडमध्ये वरचा थर, म्हणजे तुकड्यांची जोडणी, प्रत्येक बाई आपल्या घरी एकटी करी. तिथे ती कोणाचं ऐकत नसे. पण वरचा थर, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकत्र ताणून चौकटीला बांधलं की शेजारणी येत. कापूस बहुधा जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला, काठीने झोडपून साफ केलेला. अस्तराला खताची नाहीतर पिठाची पोती. चौकटीच्या चारी बाजूंनी बायका बसत, चर्चमधली गाणी म्हणत आपापल्या बाजूने धावदोरा घालत मध्याकडे सरकत, आणि एकीची झाली की दुसरीच्या घरी जात. संग्रहालयाच्या पाटीवर जोडणाऱ्या बाईचं नाव लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं. पण तीन थर ज्यांनी धरून ठेवले ते टाके अनेक हातांचे आहेत. त्या हातांना पाटीवर जागा नाही, कारण एकाच कलावंताची एक कृती हा कलेच्या बाजाराचा हिशेब आहे. ‘बी’ने शेजारच्या घरातली ती चौकट उचलून संस्थेत नेली आणि तिला मजुरीचा दर दिला. बायकांच्या दृष्टीने ही परंपरा मोडलेली नव्हती.

एका गोधडीपुढे मात्र हा युक्तिवाद थांबतो. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याचे शेतातले कामाचे कपडे फाडून एक गोधडी केली. ती आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. विरलेल्या विजारींचा निळा-करडा रंग, गुडघ्याशी जिथे ठिगळ होतं तिथे न विटलेला गडद डाग, कामात मळलेल्या कापडाचे थर. त्या बाईला ते पांघरून झोपायचं होतं. असं काम कोणतीही संस्था मागवू शकत नाही आणि कोणी मागवूही नये. माझा दावा एवढाच की अशा गोधड्यांची थोरवी सांगण्यासाठी संस्थेला कमी लेखण्याची काहीही गरज नाही.

संस्था नसली की काय होतं, हे २००७ च्या भांडणात दिसलं. अटलांटाचे संग्राहक विल्यम आर्नेट यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी जीज बेंडमध्ये शेकडो गोधड्या विकत घेतल्या. त्यांनी हे काम जगापुढे आणलं, ते श्रेय त्यांचंच. पुढे नमुने गालिचांवर, भिंतीच्या कागदावर, भेटवस्तूंवर छापले जाऊ लागले, तसा प्रश्न आला: गोधडी विकली म्हणजे तिचा नमुनाही विकला का? अॅनी मे यंग, लोरेटा पेटवे आणि लुसिंडा पेटवे फ्रँकलिन यांनी आर्नेट कुटुंब आणि संबंधितांवर दावे लावले. प्रतिवादींनी आरोप नाकारले आणि २००८ मध्ये तडजोडीने दावे मिटले. अटी जाहीर झाल्या नाहीत, म्हणून दोष कोणाचा यावर निकाल देणं योग्य नाही. पण भांडणाचा सांगाडा उघड आहे. एका बाजूला एकेकट्या, बहुतेक वयस्क बायका. दुसऱ्या बाजूला करार, परवाने आणि वकील. ‘बी’ त्या वेळी कागदोपत्री जिवंत होती, पण तिचं बळ सरलं होतं. विशेष म्हणजे दाव्यांच्या आधीच, २००३ मध्ये, गावातल्या बायकांनी ‘जीज बेंड क्विल्टर्स कलेक्टिव्ह’ ही नवी संस्था काढली होती. विक्रीतला एक वाटा करणारीला आणि उरलेला सभासदांना, असा तिचा नियम. संग्रहालयाची कीर्ती, वर्तमानपत्रांचं कौतुक हे सगळं हाताशी आल्यावरही त्यांना पुन्हा संघच करावासा वाटला, ही बाब मला सगळ्या समीक्षेपेक्षा बोलकी वाटते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे वंशज असलेले सिद्दी लोक उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहतात आणि कोंकणी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे यायचं आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुलां’ लावायची. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी समजतात. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रुअल यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था झाली आणि कवंदी अमेरिकेतल्या प्रदर्शनांत गेली. बाजार आला की माप येणार, रंग ठरणार, आणि आपल्याकडेही कोणीतरी ‘अस्सल’ आणि ‘विक्रीची’ अशी फळी उभारणार. ती उभारण्याआधी विल्कॉक्स परगण्याकडे पाहावं. आपल्या गोधडी-वाकळीचा तर अभ्यासच नमुने आणि आठवणींच्या पुढे फारसा सरकत नाही. कोणत्या गावात कोण कोणाकडे शिवायला जात होतं, मजुरी धान्यात की पैशात, गोधड्या शिवणाऱ्या बचत गटाचा नफा कुठे गेला, हे अजून सांगू शकतील अशा बायका हयात आहेत, तोवर त्यांना विचारायला हवं.

जीज बेंडच्या गोधड्या यापुढेही अनेक दालनांत लागतील. त्यांच्या शेजारी १९६९ च्या इमारतीचा नकाशा, सिअर्सचा एखादा अभ्रा आणि तेवीस एकरांच्या खरेदीखताची प्रत लावेपर्यंत ते प्रदर्शन अपुरंच राहील.