मृगाआधीचे चार स्लॅब

एप्रिल उजाडला की अलिबाग तालुक्यात सेंटरिंगच्या प्लेटांना आणि त्या लावणाऱ्या माणसांना भाव येतो. किहीम, आवास, सासवणे, झिराड, खाली नागाव, चौल, सगळीकडे बंगल्यांची कामं चालू, आणि प्रत्येक मालकाला स्लॅब मृगाच्या आत हवा. 7 जूननंतर वाडीतल्या मातीत खडीचा ट्रक रुततो, आणि उघड्यावरचं काम पावसाच्या मर्जीवर जातं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची घाई इथे मिठा-मसाल्यापुरती राहिलेली नाही.

चोंढीच्या बाजूला काम करणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर मी या हंगामात फिरलो. त्याची कामं पाच. सेंटरिंगची गँग एक, लिफ्टवाला मिक्सर एक, प्लेटा एका स्लॅबपुरत्या. सकाळी सातला फोन सुरू होतात. "काका, आमच्या साईटवर आज कोणीच नाही?" हे वाक्य मी वेगवेगळ्या आवाजांत इतकं ऐकलं, की पुढे कुणाचा फोन आहे हे विचारणंच सोडून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी खरी गंमत. मालक बहुतेक मुंबईचे. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून ते गाडीसकट येतात, तेही शनिवारीच. मग ज्याचा मालक येणार त्या साईटवर चार माणसं हलवायची. ती सळ्या इकडून तिकडे ठेवतात, पाणी मारतात. मालक खूश होऊन परत जातो आणि सोमवारी माणसं मूळ जागी येतात. हलवाहलवीत टेम्पोचं भाडं गेलं आणि अर्धवट बांधलेलं लोखंड तसंच राहिलं. या प्रकाराला इथे सगळेच ठेकेदार 'सांभाळून घेणं' म्हणतात. मला तो शुद्ध तोटा वाटतो, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

समजा, तीन साईटवर एकाच गँगचं दहा-दहा दिवसांचं काम आहे. एक संपवून दुसरं घेतलं तर कामं दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी पुरी होतात. कुणी रुसू नये म्हणून गँग दर दोन दिवसांनी फिरवली, तर तीच कामं सव्विसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि तिसाव्या दिवशी संपतात. तिसऱ्या मालकाचा एक दिवसही वाचला नाही. पहिला सोळा दिवस मागे पडला, दुसरा आठ. यात टेम्पो धरलेलाच नाही.

पण माणसं ही इथली खरी अडचण नव्हेच, हे मला प्लेटा मोजल्यावर कळलं. माणूस संध्याकाळी मोकळा होतो, प्लेट होत नाही. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस 456, सांगतं की साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस ठेवा, त्याहून मोठा असेल तर चौदा. बीमचा गाळा सहा मीटरच्या वर गेला तर एकवीस. बंगल्यांचे दिवाणखाने मोठेच असतात, म्हणून हा ठेकेदार चौदा धरतो. प्लेटा लावणं आणि लोखंड बांधणं नऊ दिवस, ओतायला एक, वाहतुकीला एक. एक फेरा पंचवीस दिवसांचा. 15 फेब्रुवारी ते 7 जून हे 112 दिवस. त्यातून गँग होळीला विजापूरकडे गावी जाते ते आठ दिवस वजा करा. उरले 104. स्लॅब चारच होतात, आणि कबूल केलेले असतात पाच. भांडण मे महिन्यात ऐकू येतं, ठरलेलं मात्र ते फेब्रुवारीतच असतं.

मोठ्या कंपन्यांचंही हेच होतं. 1957 साली अमेरिकेत ड्यूपॉंटच्या मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली यांनी 'क्रिटिकल पाथ'ची पद्धत बसवली. तिच्या मूळ हिशेबात माणसं आणि यंत्रं हवी तेव्हा हजर आहेत असंच धरलेलं होतं. एकच यंत्र दोन कामांना लागलं तर काय, यावर 1997 साली एलियाहू गोल्डरॅटने 'क्रिटिकल चेन' नावाची अख्खी कादंबरी लिहिली. आमच्या ठेकेदाराने ती वाचलेली नाही. त्याने यंदा कॅलेंडरवर आधी प्लेटांच्या रेघा ओढल्या आणि माणसं मागाहून बसवली.

क्रम लावतानाही त्याने पैसा आणि आवाज बाजूला ठेवला. नागावच्या वाडीतली अरुंद वाट आधी बंद होते म्हणून तिथला स्लॅब पहिला. किहीमला कॉलमच्या सळ्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या पडून गंजत होत्या, म्हणून तो दुसरा. झिराड आणि आवास त्यानंतर. मुकादम कुरकुरला, "शेठ, पोयनाडवाल्याकडूनही उचल घेतलीय." तेव्हा पोयनाडच्या ठेकेदाराला बोलावून दोघांनी गँगचे दिवस एकाच कॅलेंडरवर वाटून घेतले. पांढऱ्या कांद्याची काढणी आली की कार्ले-खंडाळ्याकडच्या बिगारी बायका शेतावर जातात. ते दिवस त्याने आधीच कोरे सोडले.

पाचवी साईट सासवण्याची. त्या मालकाला फेब्रुवारीतच सांगून टाकलं, "साहेब, पावसाआधी जोत्यापर्यंत. स्लॅब दिवाळीनंतर." मालक तापला. दोन दिवसांनी त्यानेच फोन केला. जोत्यातली भरणी एक पावसाळा खाऊन नीट बसते, हे त्याला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं.

प्लेटा लवकर मोकळ्या करायची एक वाट मानकातच आहे. स्लॅबखालच्या प्लेटा तीन दिवसांनी काढता येतात, मात्र टेकू लगेच परत लावले पाहिजेत. प्लेटांपेक्षा टेकूचे जादा जॅक भाड्याने घेणं स्वस्त पडतं, म्हणून आवासला हे करून पाहिलं. पण हे दिवस साध्या सिमेंटचे आहेत. राखमिश्रित सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, तिथे मुदत वाढवावी लागते. म्हणून तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने साईटवर येऊन, लिहून दिला. तो मुकादमाने फोनवर घ्यायचा नसतो, आणि घाईतल्या मालकाने तर नाहीच.

अलिबागेत घर बांधायला देणार असाल तर दर चौरस फुटाचा भाव नंतर विचारा. आधी विचारा, मृगापर्यंत किती स्लॅब कबूल केलेत आणि प्लेटा किती स्लॅबच्या आहेत. आणि शनिवारी येऊ नका. मंगळवारी या.