राजीनामा दोन प्रतींत का?
महाराष्ट्रातील खासगी शाळांत शिकवणाऱ्यांचे संरक्षण मुख्यतः 1977 च्या सेवाशर्ती कायद्याने आणि त्याखालच्या 1981 च्या नियमावलीने होते. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती राजीनाम्याची तरतूद. शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. वरवर ही कारकुनी वाटते. पण नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणाऱ्या संस्थाचालकाला ती आडवी येते, कारण पोस्टाची पावती मागाहून तयार करता येत नाही.

कायम शिक्षकाला बडतर्फ करायचे तर आरोपपत्र आणि चौकशी हवीच. चौकशी समितीत तिघे असतात: एक संस्थेचा, एक शिक्षकाने निवडलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. हा तिसरा माणूस फार महत्त्वाचा. त्याने स्वतः वर्ग चालवलेला असतो. निलंबनाच्या काळात निर्वाहभत्ता मिळतो.

बडतर्फीचा आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरण शिक्षकाला पुन्हा कामावर घेण्याचा, थकलेला पगार देण्याचा आदेश देऊ शकते. तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटले तरी हे दार उघडे असते. मात्र मुदत छोटी आहे, म्हणून नेमणूकपत्र, मान्यतेचा आदेश आणि पगाराच्या नोंदी घरी जपून ठेवाव्यात.