बांधावरचा अडुळसा : ओळख, तोडणी आणि घरगुती वापर

अडुळशाला गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावण्याची जुनी रीत आहे. खोकल्यावर या झुडपाचा चांगला उपयोग होतो. मात्र तो बेताने करावा.

ओळख : झुडूप पुरुषभर उंच वाढते. पाने समोरासमोर, दोन्ही टोकांना निमुळती व १० ते १५ सें.मी. लांब असतात. चुरगळल्यास उग्र वास येतो, चव कडू लागते. फुले पांढरी, आत जांभळट रेषा असलेली, सिंहाच्या जबड्यासारखी दिसतात. पानांतील व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले.

तोडणी : कपाशी, भाजीपाला किंवा द्राक्षबागेलगतची पाने घेऊ नयेत. फवारा वाऱ्याने उडून पानांवर बसतो. आंतरप्रवाही औषध पानात शिरते, ते धुऊन निघत नाही. निरोगी, पक्व पाने तोडून धुवावीत. साठवायची असल्यास सावलीत कडक वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावीत.

वापर : कच्च्या पानांचा रस सहज निघत नाही. पाने वाफवून, कुटून फडक्यातून पिळावीत. मोठ्या माणसाने दोन चमचे (१० मि.लि.) रस तेवढ्याच मधातून दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस घ्यावा. ताजी पाने नसल्यास १० ग्रॅम वाळलेली पाने दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप काढा करावा.

खबरदारी : अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गरोदर स्त्रियांना तो मुळीच देऊ नये. लहान मुलांना वैद्यांना विचारूनच द्यावा. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काढ्याने खोकला थोडा हलका होतो आणि दवाखाना लांबणीवर पडतो. खोकला क्षयाचा असेल, तर त्या काळात घरातील इतरांनाही लागण होते. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, बेडक्यातून रक्त पडले, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर काढा पुरे करून प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा. तपासणी व उपचार मोफत आहेत.

बांधावरची पाने फवाऱ्यात सापडत असतील, तर पावसाळ्याच्या सुरुवातीस तीन-चार डोळ्यांचे फाटे परसात लावावेत. ते सहज फुटतात आणि घरापुरती स्वच्छ पाने दाराशीच मिळतात.