दादर ईस्टमधली उषा

देवनागरीत ‘डॉन’ लिहिलं की लालबाग-परळात आधी भलताच माणूस आठवतो. इंग्रजीतला पहाटेचा ‘डॉन’ मात्र सरळमार्गी आहे. तो ‘डे’च्याच कुळातला, दिवस उजाडण्याच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आलेला. खानदानी शब्द दुसराच, आणि दादर स्टेशनात तो सकाळपासून कानावर आदळत असतो: ‘ईस्ट’.

ऋग्वेदातली ‘उषस्’ आणि हा ‘ईस्ट’ एकाच धातूचे, अर्थ झळाळणं. ग्रीकांची ईऑस, रोमनांची अरोरा ही त्यांचीच भावंडं. त्यांची मूळ भाषा पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर शब्द किमान दोनशे तोंडांतून इथवर पोचला. ऋग्वेदात उषेची वीसेक सूक्तं आहेत. ‘ईस्टला उतर’ सांगणाऱ्याच्या ते गावीही नसतं.

शब्द असा रमतगमत आला. खुद्द उषेला इतका दम नाही. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४४० मीटर. आवाजही मागे पडतो. शिवडीच्या किल्ल्यापासून वरळीच्या समुद्रापर्यंत बेटाची रुंदी जेमतेम पाच किलोमीटर. म्हणजे मार्च-सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखे असताना, सूर्योदय शिवडीहून वरळीला अकरा-बारा सेकंदांत पोचतो. गर्दीच्या वेळी दादरचा पूल ओलांडायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो!

पण पहाट म्हणजे नुसती एक रेघ नव्हे, तो पट्टा आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की आकाशाचा काळोख विरू लागतो, आणि मुंबईत तिथून सूर्योदयापर्यंत त्याच दिवसांत साधारण ७३ मिनिटं जातात. तेवढ्या वेळात पृथ्वी १,९०० किलोमीटर फिरलेली असते. लालबागच्या आकाशात पहिली फट पडते तेव्हा सूर्य नुकता आगरतळ्याला उगवत असतो. कोलकात्याला अजून दहा-अकरा मिनिटं बाकी असतात. एकाच पहाटेचं एक टोक त्रिपुरात, दुसरं गिरणगावात.

एवढ्या लांबरुंद देशाला १९०६ पासून एकच घड्याळ लावलं गेलं, ८२.५ रेखांशाचं. मुंबईने ते लगेच मानलं नाही. शहराची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ ३९ मिनिटं मागे होती आणि काही ठिकाणी ती १९५५ पर्यंत टिकली. हा निव्वळ हेकेखोरपणा होता असं मला वाटत नाही. सूर्याची साक्ष काढली, तर तो मुंबईच्याच बाजूने उभा राहतो: गिरगावात तो माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने आजही १२ वाजून ३९ मिनिटांनी.