जुनी अट काढली म्हणून जुना संगणक बंद पडत नाही

धर्माबादहून नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकायला गेलेल्या मुलाने एखाद्या वाय-फाय डोंगलचा जुना लिनक्स ड्रायव्हर उघडला, की त्याला ठिकठिकाणी अशी अट दिसू शकते: कर्नल 2.6.24 पेक्षा जुना असेल तर हे करा, नाहीतर ते. 2.6.24 आला जानेवारी 2008 मध्ये. अशा अटींना नवखे हात लावायला घाबरतात, काही जण सरसकट कापत सुटतात. दोन्हींच्या मुळाशी पुढचे गैरसमज आहेत.

गैरसमज 1 : या अटींमुळे ड्रायव्हरचं मॉड्यूल हळू चालतं.
वस्तुस्थिती : अट तपासली जाते ती कम्पाइल करताना, प्रीप्रोसेसरच्या पायरीवर. नको असलेला भाग तयार मॉड्यूलमध्ये उतरतच नाही. त्रास होतो तो कोड वाचणाऱ्याला. शिवाय तो भाग कुणी कम्पाइलच करत नसल्याने त्यातली चूक वर्षानुवर्षं उघडकीस येत नाही.

गैरसमज 2 : अट काढली की जुने संगणक बंद पडतील.
वस्तुस्थिती : जुना संगणक वेगळा, जुना कर्नल वेगळा. मुख्य कर्नलमधला ड्रायव्हर त्याच कर्नलबरोबर कम्पाइल होतो, 4.19 मध्ये त्याची 4.19 पुरती प्रत जशीच्या तशी राहते. म्हणून तिथे आवृत्ती विचारायचं कारणच नाही. कर्नलसोबत येणारी चेकपॅच ही स्क्रिप्टही अशा अटीवर इशारा देते.

गैरसमज 3 : मग सगळ्याच अटी काढाव्यात.
वस्तुस्थिती : कर्नलबाहेर सांभाळल्या जाणाऱ्या ड्रायव्हरला त्या लागतात, कारण कर्नलच्या आतले इंटरफेस बदलत राहतात. 5.6 पासून प्रॉक-क्रिएट या फंक्शनला फाइल-ऑपरेशन्सऐवजी प्रॉक-ऑप्स द्यावं लागतं. तुमचा ड्रायव्हर 5.4 वर चालायला हवा असेल, तर 5.6 ची अट ठेवा. किमान आवृत्ती 5.10 ठरवली असेल, तर खुशाल काढा.

गैरसमज 4 : आवृत्तीचा आकडा सगळं खरं सांगतो.
वस्तुस्थिती : रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8 चा कर्नल 4.18 हाच आकडा सांगतो, पण त्यात नंतरच्या आवृत्त्यांमधले अनेक बदल आणून बसवलेले असतात. आकड्यालाही मर्यादा आहे. शेवटच्या भागासाठी 0 ते 255 इतकीच जागा. आवृत्तीचा एकच आकडा बनवणाऱ्या जुन्या सूत्राने 4.4.256 ची किंमत 2,63,424 येते आणि 4.5.0 चीही नेमकी तेवढीच! फेब्रुवारी 2021 मध्ये 4.4 आणि 4.9 या दोन्ही शाखा 256 वर पोचल्या, तेव्हा हा भाग 255 वरच थांबवण्याची सोय करावी लागली.

गैरसमज 5 : अटीची ओळ खोडली की काम झालं.
वस्तुस्थिती : अट, जुना भाग, ‘एल्स’ आणि ‘एंडिफ’ हे सगळं एकत्र जायला हवं. ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’ यांत गल्लत झाली, तर जिवंत भागच कापला जातो. मुख्य कर्नलमध्ये ‘मेक व्हर्जनचेक’ चालवा; आवृत्तीची हेडर फाइल विनाकारण कुठे उरली आहे ते कळतं. त्यानंतर आधीचं आणि नंतरचं मॉड्यूल डिसअसेम्बल करून ताडून पाहा. काढलेला भाग मुळात कम्पाइलच होत नव्हता, त्यामुळे ओळ क्रमांकांशी जोडलेली माहिती सोडली तर फरक दिसता कामा नये. दिसलाच, तर काहीतरी जास्त कापलं गेलं आहे.

म्हणून कात्री चालवण्याआधी आपण कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देणार, ते ठरवा आणि बदलाच्या नोंदीत स्पष्ट लिहा. पुढच्या माणसाला ती अट का गेली हे शोधत बसावं लागणार नाही.